दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत महिलांच्या ५८८व्या रात्र-बॉम्बर रेजिमेंटचा दिनक्रम कसा असायचा?

त्यांचा दिवस रात्रीच सुरू व्हायचा. १९४२ ते १९४५ या काळात येव्दोकिया बेर्शान्स्काया यांच्या हाताखाली या मुली लढल्या. विमान पो-२: लाकूड आणि कापडाचं, उघड्या कॉकपिटचं, मुळात प्रशिक्षणासाठी बनवलेलं. पायलट आणि नॅव्हिगेटर अशा दोघीच. एका खेपेत थोडेच बॉम्ब मावत, म्हणून एकाच रात्रीत अनेक खेपा. लक्ष्य जवळ आलं की इंजिन मंदावून तरंगत खाली यायचं, बॉम्ब टाकायचे आणि परत फिरायचं. १९४४ पर्यंत पॅराशूटही नसायचं!

मला सगळ्यात थोर वाटतात त्या जमिनीवरच्या मुली. विमान उतरलं की एकीने इंधन भरायचं, दुसरीने इंजिन तपासायचं, बाकीच्यांनी अंधारात हातांनी बॉम्ब उचलून लावायचे. काही मिनिटांत विमान पुन्हा आकाशात. हिवाळ्यात गोठलेल्या बोटांनी, हातमोजे काढून हे काम चाले. त्यांच्याविषयी फारच कमी बोललं जातं.

दिवसा झोप, दुरुस्ती, आणि आघाडी सरकली की नव्या मैदानावर मुक्काम. युद्धाअखेर रेजिमेंटच्या खेपा २३ हजारांवर गेल्या होत्या.