सात-आठ वर्षांच्या मुलांना अक्षांश-रेखांश कसे समजावून सांगावेत?

सुरुवात पृथ्वीगोलाने न करता वर्गातील बाकांपासून करावी. ‘तिसरी रांग, चौथा बाक’ एवढे सांगितले की मूल अचूक जागी जाऊन बसते आणि जागा ठरवायला दोन आकडे लागतात, ही मूळ कल्पना त्याला तिथेच कळते. त्यानंतर एक संत्रे सोलावे. देठापासून खालच्या टोकापर्यंत जाणाऱ्या, फोडींमधल्या रेघा म्हणजे रेखावृत्ते; त्या मध्यावर एकमेकींपासून सर्वांत दूर असतात आणि दोन्ही टोकांना एकत्र येतात. दुसऱ्या संत्र्याच्या आडव्या चकत्या केल्या, की मधल्या सर्वांत मोठ्या चकतीची कड विषुववृत्त दाखवते आणि वर-खाली लहान होत जाणाऱ्या चकत्यांच्या कडा इतर अक्षवृत्ते दाखवतात. (धडा संपेपर्यंत संत्री शिल्लक राहतील, याची खात्री मात्र देता येत नाही.) अक्षांश विषुववृत्तापासून आणि रेखांश ग्रीनिचच्या शून्य रेखावृत्तापासून मोजतात, एवढे सांगून मुलांना पृथ्वीगोलावर सुमारे १९° उत्तर आणि ७३° पूर्व ही जागा शोधायला लावावी, बोट मुंबईवर टेकते. अंश म्हणजे पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन, हे स्पष्टीकरण माझ्या मते पाचवी-सहावीपर्यंत थांबले तरी चालते.