‘फक्त संयम शिकवा’ असं शाळेला लिहून देऊ का?

दादा, तुम्ही लिहिलंय की मुलगी आठवीत आहे, शाळेने पालकांकडून फॉर्म भरून मागितलाय की लैंगिक शिक्षणात सगळी माहिती द्यायची की "लग्नापर्यंत संयम" एवढंच सांगायचं, आणि तुमचा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे कारण सगळं सांगितलं तर मुलं करून बघतील. मी मराठवाड्यात एका हायस्कूलला विज्ञान शिकवते, 19 वर्षं झाली. तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, मलाही होती.

दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये प्रजननाचा धडा आहे. मी पहिली कितीतरी वर्षं काय करायचे, तर फळ्यावर आकृती काढायची, अंडवाहिनी गर्भाशय वगैरे नावं उतरवून घ्यायला लावायची, "आकृती परीक्षेला येते, बाकीचं घरी वाचा" असं म्हणायचं आणि पुढे सटकायचं. गंमत म्हणजे त्याच धड्यात टेस्ट ट्यूब बेबी आणि सरोगसी पण आहे, तो भाग मी एकदम मोकळेपणाने शिकवायचे, कारण त्यात डॉक्टर असतो ना. म्हणजे माझ्या वर्गातल्या मुलींना सरोगसी माहीत होती पण पाळी आठ दिवस लांबली तर घाबरायचं का हे माहीत नव्हतं.

आता "फक्त संयम" हे मॉडेल मुळात अमेरिकेतलं. तिकडे 1996 च्या कायद्याने केंद्राकडून वर्षाला 5 कोटी डॉलर याच कामासाठी दिले जायला लागले, अट अशी की लग्नापर्यंत थांबा हेच शिकवायचं, गर्भनिरोधकाची भलामण करायची नाही. मग तिथल्या सरकारनेच त्याची तपासणी करून घेतली, चार ठिकाणचे कार्यक्रम घेतले, 2,000 च्या वर मुलं, काहींना हे शिकवलेलं आणि काहींना नाही, आणि काही वर्षांनी विचारलं. 2007 ला रिपोर्ट आला. दोन्हीकडे सारखंच, निम्मी मुलं थांबलेली होती, निम्मी नाही, आणि जी थांबली नाहीत त्यांचं सुरुवातीचं वय पण दोन्हीकडे सारखंच निघालं. म्हणजे संयम शिकवून मुलं बिघडली नाहीत, पण थांबलीही नाहीत, पैसे गेले.

आणि त्याच 2007 साली आपल्याकडे काय झालं, तर केंद्राचा किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्राने बंद केला, अजून बऱ्याच राज्यांनी केला. विधानसभेत गोंधळ झाला, चित्रं अश्लील आहेत म्हणून. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते आणि खरं सांगायचं तर स्टाफरूममध्ये सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, मी पण. वरून येऊन पडलेलं साहित्य, कुणी धड ट्रेनिंग दिलेलं नाही, आणि उद्या पालक दारात आले तर उभं कोण राहणार? तेवढी तक्रार मला आजही मान्य आहे. पण झारखंडने तोच कार्यक्रम आपल्या पद्धतीने बदलून घेतला, ‘उडान’ असं साधं नाव दिलं आणि चालू ठेवला, आपण सरळ कुलूप लावलं. 2009 मध्ये राज्यसभेच्या समितीनेही लग्नाआधी संबंध नकोत हाच संदेश शाळेत द्या असं सांगितलं. (र. धों. कर्व्यांनी 1927 ला मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचं मासिक काढलं, अश्लीलतेचे खटले सोसले, एका खटल्यात तर बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. जवळपास शंभर वर्षं झाली, आपण अजून फॉर्मवर टिक कुठे करायची ते विचारतोय. तुम्हाला टोमणा नाही हो, सगळ्यांनाच आहे.)

माझं मत बदललं ते मात्र रिपोर्ट वाचून नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी एका नर्सताईंच्या सांगण्यावरून मी वर्गात खडूचा रिकामा बॉक्स ठेवला, नाव न लिहिता काय ते विचारा म्हणून. नेहमीचेच प्रश्न आले, पाळीत लोणच्याला हात लावला तर खरंच नासतं का, मिठी मारली तर दिवस जातात का, हस्तमैथुनाने उंची खुंटते का (हा दर वर्षी येतो, नाही खुंटत). आणि एक चिठ्ठी होती गणिताच्या वहीचा चौकटीचा कागद फाडून केलेली, चार घड्या घातलेल्या. त्यावर एवढंच होतं, "मॅडम लग्न झाल्यावर नाही म्हणता येतं का".

अक्षर कुणाचं ते मी ओळखायचा प्रयत्न केला नाही. म्हणजे केला, घरी नेऊन वह्यांशी ताडून पाहिलं, मग लाज वाटली आणि थांबले.

आता बघा, लग्नापर्यंत थांब हा उपदेश ह्या मुलीला काय कामाचा? आमच्या भागातली अर्धी कुटुंबं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ पैसे मिळतात ते कोयत्यावर, आणि वयात आलेली मुलगी एकटी गावात कुणाच्या जिवावर ठेवायची म्हणून जायच्या आधी तिचं लग्न उरकून टाकतात. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या जवळपास 22 टक्के बायकांचं लग्न 18 च्या आत झालेलं होतं, बीड-परभणीला तर 40 टक्क्यांच्या वर. अमेरिकेत लग्नापर्यंत थांब म्हणजे चांगलं पंचविशी-तिशीपर्यंत थांब. आमच्याकडे त्याचा अर्थ कधी कधी येत्या तुळशीच्या लग्नापर्यंत एवढाच असतो. थांबायचं की नाही हे तिच्या हातात आहे असं गृहीत धरून आपण तिला संयम शिकवतोय, आणि निर्णय घेणारे मात्र मांडवात बसलेत.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितलं, मुलं-मुली दोघांना एकत्र, की हो, नाही म्हणता येतं. 18 च्या आतल्या मुलीशी संबंध हा कायद्याने गुन्हा आहे आणि 2017 पासून सुप्रीम कोर्टाने नवऱ्यालाही त्यातून सूट ठेवलेली नाही. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. 1098 हा नंबर फुकट लागतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम मग माझ्या भावाला पकडतील का?" कुणी हसलं नाही. त्या तासाला मी आकृती काढलीच नाही.

संयम मी पण शिकवते बरं का. घाई करू नका, फोटो पाठवू नका, समोरचा रुसला म्हणून हो म्हणू नका, हे सगळं सांगते, आणि सगळी माहिती देणाऱ्या चांगल्या अभ्यासक्रमातसुद्धा हे असतंच, तुमच्या फॉर्मने उगाच दोन टोकं करून ठेवलीत. फरक एवढाच की तिथे "थांब" च्या पुढे पण काहीतरी असतं, नाही थांबलं तर काय, थांबूच दिलं नाही तर काय, कुणाकडे जायचं.

तर फॉर्मवर पहिल्या पर्यायाला टिक करा, पण तेवढ्यावर सोडू नका. मीटिंगला जा आणि विचारा की शिकवणार कोण, त्यांना ट्रेनिंग झालंय का, आठवीला काय आणि दहावीला काय हे वेगळं केलंय का, आणि साहित्य आधी बघायला मागा, तो तुमचा हक्क आहे. बहुतेक शाळांत काय होतं की नॅपकिनच्या कंपनीची एक बाई येते, मुलींना हॉलमध्ये बसवतात, एकेक पाकीट वाटतात, आणि मुलांना तोपर्यंत क्रिकेट खेळायला ग्राउंडवर सोडतात. तुमच्याकडे पण तसंच ठरत असेल तर तिथेच हात वर करा आणि मुलांना आत बोलवायला सांगा.