भाऊ पोर्तुगालात, घरात पेलेटची शेगडी, पिशवी कुठली घ्यावी? सहा हिवाळे काढलेल्या डिचोलीकराचं उत्तर

तुमचा प्रश्न असा की धाकटा भाऊ आणि भावजय फोंड्याहून विझेऊला गेलीत, भाड्याच्या घरात लाकडाच्या पेलेटवर, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्यांवर, चालणारी शेगडी आहे, दुकानात गेलं की दहा तऱ्हेच्या पिशव्या, सगळ्यांवर पाईनचं झाड आणि पेटलेल्या जाळाचं चित्र, किंमत मात्र प्रत्येकाची वेगळी, आणि तो तिथून फोन करून तुम्हाला विचारतो की कुठली घेऊ. आता फोंड्यात बसलेल्या माणसाला हे काय कळणार म्हणून तुम्ही इथे विचारलंत. बरोबर ठिकाणी आलात. मी डिचोलीचा, आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट करून गेलेल्यांपैकीच एक, गुआर्दाला सहा हिवाळे काढले आणि आता परत घरी आलोय. गुआर्दा म्हणजे हजार मीटरच्या वरचं गाव, बर्फ पडतो. आपल्याला वाटतं पोर्तुगाल म्हणजे ऊन आणि समुद्र, पण आतल्या भागात दगडी घरं, भिंतींना ओल, खूप घरांत सेंट्रल हीटिंग नाही, बाहेरपेक्षा घरात जास्त थंडी वाजते अशी परिस्थिती. तेव्हा भावाचा प्रश्न चैनीचा नाही हे आधी सांगतो.

तिथे त्या शेगडीला सालामांद्रा म्हणतात. आपल्या न्हाणीतल्या भाणाखाली जसं आपण सोडणं, करवंट्या, चुडतं काय हाताला लागेल ते सारतो आणि पाणी तापतंच, तसं इथे चालत नाही. वर टाकी असते, त्यात पेलेट ओतायचे, खाली एक स्क्रू फिरत फिरत थोडे थोडे पेलेट जळायच्या वाटीत टाकतो, विजेच्या कांडीने ते पेटतात, पंखा हवा देतो, धूर दुसऱ्या पंख्याने बाहेर. म्हणजे वीज गेली की शेगडी बंद, हे एक. दुसरं म्हणजे शेगडीला डोळे नाहीत, ती धरूनच चालते की येणारा प्रत्येक पेलेट सारखा जाड, सारखा कोरडा आणि सारख्या राखेचा आहे. ते गृहीत चुकलं की ती रात्री तीनला पीं पीं करून बंद पडते आणि सकाळी तोंडातून वाफ निघते. सगळी गंमत इथे आहे. पिशवी-पिशवीत फरक आहे तो उष्णतेचा कमी आणि या सारखेपणाचा जास्त.

हे मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं. मी आपला किलोमागे भाव काढला, सगळ्यात स्वस्त कुठला ते बघितलं आणि एका दुकानातून थेट अख्खं पॅलेट, म्हणजे लाकडी फळीवर रचलेली पिशव्यांची पूर्ण थप्पी, उचललं. आठवडाभर बरं चाललं. मग जळायच्या वाटीत वीटभट्टीतल्या खंगरासारखे काळे कडक गोळे व्हायला लागले, हवेची भोकं बुजली, काच काळी, दर दुसऱ्या दिवशी गुडघ्यावर बसून पेचकसाने खरवडतोय. लाकडात साल आणि माती-वाळू जास्त गेली की असं होतं, राख तापून वितळते आणि थिजते. साठ-पासष्ट पिशव्या तशाच संपवल्या, कारण परत कोण घेणार? एका पिशवीमागे ६०-७० सेंट वाचवले असतील, आणि मधे एकदा मेकॅनिक बोलवावा लागला त्यात ते सगळे गेले.

तर भावाला सांगा, पिशवीच्या पुढच्या चित्राकडे बघू नको, मागे बारीक अक्षरात तक्ता असतो तो वाच. ईएन-प्लस नावाचा शिक्का बघायचा, तो पेलेटच्या दर्जाचा युरोपातला शिक्का, त्यात ए१ वर्ग. शिक्क्याखाली देशाची दोन अक्षरं आणि तीन आकड्यांचा नंबर असतो, पोर्तुगालचा माल असेल तर पीटी आणि पुढे आकडे. तो नंबर त्यांच्या वेबसाइटवर टाकून बघता येतो, कारण खोटे शिक्के मारणारे आहेत, आणि खोट्यांची यादीही तिथेच असते. नंबरच नसेल, नुसताच शिक्का छापलेला असेल, तर ठेव परत. मग तक्त्यात तीन शब्द शोधायचे: सिंझश म्हणजे राख, उमिदाद म्हणजे ओल, आणि पुदेर कालोरीफिकु म्हणजे उष्णता. हा शेवटचा शब्द लिहिलेला दिसतो आपल्या पोदेरसारखाच, मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पेलेटच्या पिशवीवर पाववाला काय करतोय असं झालं होतं! असो. ए१ ला राख ०.७ टक्क्यापर्यंत चालते, ए२ ला १.२ पर्यंत, ओल दोन्हीकडे १० टक्क्याच्या आत, आणि उष्णता किलोला निदान ४.६ किलोवॉट-तास. जाडी ६ मिलिमीटर की ८ ते शेगडीच्या पुस्तकात बघायचं, घरगुती शेगड्यांना बहुतेक ६ लागते.

आता हिशेब, कारण इथेच बहुतेक लोक फसतात. पिशवी १५ किलोची. एकीवर ४.६ लिहिलंय आणि दुसरीवर ४.९, म्हणजे पिशवीमागे उष्णता ६९ विरुद्ध साडेत्र्याहत्तर किलोवॉट-तास, सहा-साडेसहा टक्क्यांचा फरक. पण किंमत बघाल तर दुसरी कधी कधी दीडपट. म्हणजे 'जास्त गरम' म्हणून जे पैसे घेतात ते मुळात तिथे नाहीतच. कोरडं लाकूड ते कोरडं लाकूड, किलोला उष्णता जवळपास तेवढीच. आपल्याकडे जळाऊ घेताना माट्टीच्या झाडाचं जड लाकूड आणि हलकं सावरीचं लाकूड यात जमीन-अस्मानाचा फरक असतो हे खरं, पण तो फरक आकारमानाचा, एका मोळीत किती लाकूड बसलं त्याचा. पेलेट दाबून सगळे सारखेच घट्ट करतात आणि वजनावर विकतात, त्यामुळे तिथे पाईन काय आणि ओक काय. उलट पाईनमध्ये राळ असल्यामुळे किलोला जरा जास्तच निघते. हार्डवुड म्हणून जास्त पैसे मागितले तर हसून पुढे जायचं.

राखेचं मात्र तसं नाही. ०.३ टक्के राख असेल तर १५ किलोच्या पिशवीमागे ४५ ग्रॅम, १.५ टक्के असेल तर २२५ ग्रॅम. दिसायला काय, मूठभरच की. पण हिवाळ्यात ७० पिशव्या जाळल्या तर एकीकडे तीन किलो राख आणि दुसरीकडे जवळजवळ सोळा, आणि ही सोळा किलो शेगडीच्या बारीक बारीक कप्प्यांतून तुम्हाला काढायचीय. म्हणून माझं मत विचाराल तर नंबर असलेल्या ए१ मध्ये जी सगळ्यात स्वस्त, राख ०.५ च्या आत, ती घ्यावी. सगळ्यात महागडी घ्यायची काही गरज नाही, मी दोन-तीनदा घेऊन बघितली, शेजारच्या आजीबाईने विचारलं काय रे लॉटरी लागली का, आणि शेगडीला काही फरक कळला नाही.

पण तक्त्यावर लिहिलं म्हणजे झालं असं नाही, घरी बघायचं. आधी तीन वेगवेगळ्या ब्रँडच्या दोन-दोन पिशव्या घ्यायला सांगा, पॅलेट नंतर. पिशवीच्या तळाशी भुसा किती जमलाय बघा, पिठाच्या चाळणीतून सगळी पिशवी चाळली तर वाटीभराच्या वर भुसा निघता कामा नये, भुसा स्क्रूखाली जाऊन बसतो. पेलेट चकचकीत हवेत, फार लांब नकोत, ४ सेंटिमीटरच्या वरचे बरेच असतील तर स्क्रूत अडकतात किंवा टाकीत पूल करून बसतात आणि खाली काही पडतच नाही. ग्लासभर पाण्यात पाच-सहा टाका. चांगला पेलेट आधी बुडतो आणि मग थोड्या वेळात फुलून त्याचा नुसता लाकडाचा चोथा होतो. प्लायवुडचे, रंगाचे, प्लास्टिकचे कण वर तरंगले तर ती पिशवी बाद. चिकटवायला गोंद घालतात असं बरेच जण सांगतात, तसं नसतं, लाकडातलंच लिग्निन दाबाने आणि उष्णतेने मऊ होऊन पकडून ठेवतं, फार तर थोडं स्टार्च घालतात. रंगावरून काही ठरत नाही, पांढरट म्हणजे चांगला हा समज आहे नुसता. आणि जाळून बघताना एक ब्रँड संपला की शेगडी पूर्ण साफ करायची, सेटिंग तेच ठेवायचं, मगच दुसरा ओतायचा, नाहीतर पहिल्याची राख दुसऱ्याच्या नावावर. आता जाळ पिवळा-पांढरा, नाचरा असेल आणि काच संध्याकाळपर्यंत साफ राहिली तर माल ठीक. जाळ तांबूस, आळशी आणि काच काळी, तर माल ओला किंवा शेगडीला हवा कमी, दोन्ही तपासा.

किती लागेल? मध्यम आकाराची ८ किलोवॉटची शेगडी मंद चालली तर तासाला पाऊण किलो, पूर्ण जोरात दोन किलोच्या जवळ. संध्याकाळचे सहा-सात तास मध्यम लावली तर दिवसाला अर्धी पिशवी धरा, नोव्हेंबर ते मार्च दीडशे दिवस म्हणजे ७५ पिशव्या, साधारण एक पॅलेट. पॅलेटचे भाव विचारताना पिशव्या किती ते आधी विचारायचं, कुणाचं ६६ चं असतं, कुणाचं ७२ चं, नव्वद किलोचा फरक आहे तो, आणि घरापर्यंत आणून देण्याचे वेगळे घेतात का तेही.

आणि कधी घ्यायचं तर आपल्या पुरुमेंतासारखं. आपण मे महिन्यात सुकी मासळी, मिरच्या, कांदे, जळाऊ भरून ठेवतो ना, तसं तिथे मे ते ऑगस्टमध्ये पेलेट भरायचे, ऑक्टोबरला थंडी पडली की सगळे एकदम धावतात आणि भाव चढतो. २०२२ मध्ये तर विचारू नका, युद्धामुळे रशिया आणि बेलारूसच्या लाकडावर युरोपने बंदी घातली, गॅस महाग झाला म्हणून जो तो पेलेटकडे वळला, मी चार युरोच्या आसपास घेत होतो ती पिशवी आठ-नऊ युरोला आणि एका माणसाला पाचच अशी चिठ्ठी दुकानाच्या दारावर. मी जूनमध्येच भरले होते, त्या वर्षी शेजाऱ्यांत माझी जरा पत वाढली.

मात्र भरून ठेवण्यात मी आधी शेण खाल्लंय तेही सांगतो. आपण गोंयकार, पावसाळा म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको, जळाऊ माळ्यावर नाहीतर फळ्यांवर रचायची हे लहानपणापासून बघतोय, आणि मी पठ्ठ्याने गॅरेजच्या सिमेंटवर सरळ पिशव्या टाकल्या, भिंतीला टेकवून. प्लास्टिकची पिशवी आहे, पाणी कुठून जाणार? पिशव्यांना बारीक भोकं असतात. खालच्या थरातल्या अकरा पिशव्या ओल शोषून फुगल्या, फोडल्या तर आत नुसता भुसा, तो शेगडीत घालायची सोयच नाही. खाली लाकडी पॅलेट राहू द्या, भिंतीपासून वीतभर अंतर, वरून झाकण पण बाजूने वारा. आणि पूर्ण बंद तळघरात ढीग नको, साठवलेल्या पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड सुटतो, मोठ्या बंद कोठारांत माणसं गेलीत त्याने. पंधरा-वीस पिशव्या हवेशीर खोलीत काही करत नाहीत. शेगडीच्या खोलीत मात्र त्या गॅसचा अलार्म लावायला सांगाच, फार महाग नसतो. राख लोखंडी बादलीतच काढायची, वरून थंड दिसली तरी आत निखारा असतो.

हे सगळं करण्याआधी भावाने घरात गरम हवाही देणारा इन्व्हर्टर एसी आहे का बघावं. साध्या विजेच्या हीटरपेक्षा पेलेट खूपच स्वस्त, पण चांगला इन्व्हर्टर एसी असेल तर तो एक युनिट विजेत तीन युनिट उष्णता ओढून आणतो, मग खर्चात फार फरक राहत नाही आणि पिशव्या वाहायच्या राहत नाहीत. आम्ही हॉलला शेगडी, झोपायच्या खोलीला एसी असं करायचो.

तुम्ही शेवटी विचारलंय की आपल्याकडे असे पेलेट मिळतात का, होमस्टेचं पाणी तापवायला. मिळतात, पण ते बहुतेक कारखान्यांच्या बॉयलरसाठीचे, शेंगांची टरफलं, भुसा, उसाचं चिपाड असं मिसळलेले, जाडही असतात. इथले विक्रेते उष्णता किलोकॅलरीत आणि ग्रॉस सांगतात, म्हणजे धुरातल्या वाफेबरोबर जाणारी उष्णताही धरून, युरोपातली पिशवी ती वजा करून नेट सांगते, त्यामुळे आकडे सरळ शेजारी ठेवू नका, ग्रॉसमधून सात-आठ टक्के कमी धरा. ४.६ किलोवॉट-तास म्हणजे साधारण ३९५० किलोकॅलरी. आणि भाताच्या तुसाचे असतील तर राख वीस टक्क्याच्या घरात जाते, घरगुती शेगडीचा तासाभरात निकाल. काजूच्या टरफलाचे कुणी देऊ केले तर घराजवळ जाळू नका, त्या तेलाचा धूर घसा आणि डोळे जाळतो, आमच्या भागातल्या लोकांना विचारा.

भावाला म्हणावं दोन-तीन पिशव्यांच्या मागच्या तक्त्याचे फोटो आणि शेगडीच्या पुस्तकाचं पहिलं पान पाठव. इथे टाका, मी रात्री जेवून झाल्यावर बघून सांगतो.