पट्टीवर दोन रेघा आल्या म्हणजे मुलगा ड्रग्ज घेतो का?

या वेळच्या पत्रांत तीन पत्रं लघवीतल्या ड्रग टेस्टबद्दलची आहेत, म्हणून सगळी जागा त्यांनाच देतेय. माझी वीसेक वर्षं लॅबमध्ये गेली आणि एका रिपोर्टने घरात काय होतं ते मी जवळून बघितलंय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

प्रश्न (म्हापसा): ताई, माझा मुलगा १७ वर्षांचा, बारावीला आहे. मित्रांबरोबर हणजूणला जातो, रात्री उशिरा येतो, विचारलं की चिडतो. मी ऑनलाइन टेस्ट कार्ड मागवलं आणि तापाची तपासणी करायचीय असं खोटं सांगून त्याची लघवी घेतली. गांजाच्या पट्टीवर दोन रेघा आल्या, त्यातली एक एकदम फिकट. नवऱ्याने त्याच्यावर हात उचलला, मी चार दिवस बोललेली नाही. आता त्याला कुठे न्यायचं?

उत्तर: आधी हे वाचा आणि लगेच मुलाकडे जा. दोन रेघा म्हणजे निगेटिव्ह. त्यातली दुसरी रेघ फिकट असली तरी निगेटिव्हच. या कार्डांचं वाचन प्रेग्नन्सी टेस्टच्या बरोब्बर उलटं असतं आणि तिथेच घरोघरी घोळ होतो. प्रेग्नन्सीच्या पट्टीवर दुसरी रेघ म्हणजे "आहे", ड्रगच्या पट्टीवर दुसरी रेघ म्हणजे "सापडलं नाही". वरची कंट्रोलची रेघ (कार्ड नीट चालतंय हे दाखवणारी) तेवढी आली आणि ड्रगची रेघ अजिबात उमटली नाही तर त्याला पॉझिटिव्ह म्हणायचं, आणि कंट्रोलचीच रेघ नसेल तर ते कार्ड फेकून द्यायचं.

असं उलटं का, तर पट्टीवर जिथे रेघ यायची तिथे त्या ड्रगचेच कण आधीपासून चिकटवलेले असतात आणि लघवीबरोबर रंगीत अँटिबॉडी वर सरकत जातात. लघवीत ड्रग नसेल तर या अँटिबॉडी मोकळ्या असतात, त्या पट्टीवरच्या कणांना जाऊन धरतात आणि रंगाची रेघ दिसते. लघवीत ड्रग भरपूर असेल तर त्या वाटेतच त्याला धरून बसतात, पुढे रेघेपर्यंत पोचल्या तरी हात रिकामे नसतात, म्हणून रेघ उमटत नाही. गांजाच्या पट्टीची मर्यादा सहसा एका मिलीलीटरला ५० नॅनोग्रॅम असते, त्याच्या खाली असेल तर कार्ड निगेटिव्हच दाखवणार.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण तुमची काळजी खोटी नाही. निगेटिव्ह कार्ड म्हणजे मुलगा काहीच घेत नाही याची खात्री नव्हे. या कार्डांवर एलएसडी सहसा नसतंच. ओपिएटच्या, म्हणजे अफूपासून होणाऱ्या ड्रग्जच्या, पट्टीला ट्रॅमाडॉल किंवा फेंटानिल ही वेदनाशामकं कळत नाहीत, त्यांच्या पट्ट्या वेगळ्या. म्हणजे लपवून दहा कार्डं वापरलीत तरी त्याच्या मनात काय चाललंय ते तुम्हाला कळणार नाही, आणि खोटं बोलून लघवी घेतल्यावर तो पुढच्या वेळी तुम्हाला खरं कशाला सांगेल? नवऱ्यालाही सांगा, मुलाची माफी दोघांनी मागायची, "आम्ही चुकीचं वाचलं" असं स्पष्ट म्हणायचं. त्यानंतर बोलताना काही घेतो असं त्याच्याच तोंडून आलं तर बांबोळीला आयपीएचबीमध्ये (सरकारी मनोरुग्णालयात) न्या, किंवा १४४४६ या व्यसनमुक्तीच्या टोल फ्री नंबरवर फोन करा. पोलिसांच्या भीतीने घरात दडपून ठेवू नका, स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण द्यायची तरतूद १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात ६४अ कलमात आहे.

प्रश्न (मडगाव): शरीरात ड्रग किती दिवस राहतं? भरपूर पाणी आणि लिंबू प्यायलं की टेस्ट साफ येते असं मित्र म्हणतात, खरं काय?

उत्तर: लघवीत कोकेनचा अंश साधारण दोन ते चार दिवस, एमडीएमएसारख्या गोळ्या एक ते तीन दिवस. गांजा चरबीत साठतो म्हणून कधीतरी ओढणाऱ्याचा तीनेक दिवसांत जातो पण रोज ओढणाऱ्याचा महिनाभरसुद्धा सापडतो. रक्तात हे सगळं त्याहून कमी वेळ, आणि केसांत सगळ्यात जास्त, कारण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, मुळाकडचे तीन सेंटिमीटर घेतले की मागचे तीन महिने हातात येतात.

लिंबाने काहीही होत नाही. पाण्याने लघवी पातळ होते, पण लॅब आधी तेच बघते. लघवीत नेहमीच असणारं क्रिएटिनिन डेसिलीटरला २० मिलिग्रॅमच्या खाली गेलं आणि घनताही कमी भरली की रिपोर्टवर "पातळ सॅम्पल" असं येतं आणि परत बोलावतात. सॅम्पल दिल्यावर चार मिनिटांच्या आत त्याचं तापमानही बघतात, ३२ ते ३८ अंशांत नसेल तर शंका घेतात.

प्रश्न (वास्को): माझा भाऊ तारवटी (बोटीवर नोकरीला) आहे. चवथीला घरी आलेला, आता बोटीवर परत जायच्या मेडिकलमध्ये लघवीत ओपिएट पॉझिटिव्ह आलं. तो असलं काही करत नाही. आदल्या दिवशी घरी कोंबडीची शागोती होती आणि आठवडाभर डॉक्टरने दिलेलं खोकल्याचं सिरप चालू होतं. एजंट म्हणतो, नोकरी गेली समजा.

उत्तर: नोकरी गेली असं आज कोणीच म्हणू शकत नाही, कारण ही नुसती पहिली चाचणी आहे. तुम्ही शागोतीचं विचारलंत ते बरोबरच आहे, वाटपात खसखस असते आणि खसखस अफूच्याच बोंडातली. दाण्यात मुळात मॉर्फिन (अफूतलं नशेचं द्रव्य) नसतं, बोंडाचा चीक बाहेरून लागतो त्याचा अंश राहतो. अमेरिकेत सरकारी तपासणीत ओपिएटची मर्यादा मिलीलीटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० केली ती १९९८ मध्ये, आणि त्यामागे खसखशीचंच कारण होतं. बाजारातली कितीतरी कार्डं मात्र अजून ३०० वरच चालतात. तरी आपण खसखस भाजून वाटतो, त्यात मॉर्फिन बरंच कमी होतं, म्हणून माझा पहिला संशय शागोतीवर नाही, सिरपवर आहे. सिरपच्या बाटलीवर कोडीन लिहिलंय का बघा. कोडीन स्वतःच ओपिएट आहे आणि त्यातला काही भाग यकृतात मॉर्फिन होतो, त्यामुळे पट्टी पॉझिटिव्ह येणारच, तिची त्यात चूक नाही.

पट्टी म्हणजे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाठमोरी बाई बघून "ही आमची शेजारीण" म्हणण्यासारखं आहे. कधी बरोबर निघतं, कधी जवळ गेल्यावर दुसरीच कोणी. चेहरा बघायचं काम मास स्पेक्ट्रोमेट्रीचं. जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस मशीनमध्ये सॅम्पलमधले पदार्थ आधी वेगळे होतात, प्रत्येक आपापल्या मिनिटाला बाहेर पडतो, मग त्याचे तुकडे करून ते मोजतात आणि प्रत्येक पदार्थाचे तुकडे त्याचे स्वतःचेच असतात. तिथे कोडीन किती आणि मॉर्फिन किती ते आकड्यात मिळतं. हेरॉइन घेतलं असेल तर ६-एमएएम नावाचा पदार्थ सापडू शकतो, तो खसखस किंवा कोडीनपासून होतच नाही. पण तो लघवीत जेमतेम एक दिवस टिकतो, म्हणून तो नाही मिळाला एवढ्यावर तुमचा मुद्दा सिद्ध होत नाही, कोडीनचा आकडा आणि डॉक्टरची चिठ्ठी दोन्ही सोबत लागतील.

भावाने सॅम्पल देताना फॉर्मवर औषधांची नावं लिहिलेली का? नसतील तर आत्ता लेखी द्या, चिठ्ठी आणि औषधाच्या दुकानाचं बिल जोडून. दुसऱ्या दिवशी नवीन लघवी देऊन "बघा निगेटिव्ह आलं" म्हणू नका, तोवर औषध उतरलेलं असतं आणि ऐकणारा ते मानत नाही. तपासणी त्याच सॅम्पलची व्हायला हवी, सील आणि त्याची सही असलेल्या बाटलीतून, दोन बाटल्या भरल्या असतील तर न उघडलेल्या दुसऱ्या बाटलीतून. हा अर्ज एजंटच्या तोंडी देऊ नका, कंपनीला आणि मेडिकल करणाऱ्या डॉक्टरला ईमेलने पाठवा. आणि सॅम्पल ते फ्रीझरमध्ये किती दिवस ठेवतात हे आजच फोन करून विचारा, ते फेकलं गेलं तर पुढे तपासायला काही उरणार नाही.