लेट्रोझोलमुळे आईचे सांधे धरलेत, ॲक्युपंक्चर करावं का?

तुम्ही लिहिलंय की आईची ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट झाली, आता लेट्रोझोल (कॅन्सर परत येऊ नये म्हणून घ्यायची गोळी) चालू आहे आणि सांधे इतके दुखतात की ती गोळीच बंद करायची म्हणतेय. मी यातून गेलेय म्हणून सांगते, ॲक्युपंक्चर, म्हणजे बारीक सुया टोचून करायचा उपचार, जरूर करून बघा पण डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू देऊ नका, प्लीज.

माझी गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात सकाळी उठलं की बोटं लाकडासारखी, मूठ वळायची नाही, कणीक मळणं तर सोडाच कुकरचं झाकण लावायला पण लेकीला हाक मारायला लागायची. ही गोळी अंगातलं इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन एकदम खाली आणते आणि त्यानेच हे दुखणं लागतं, कितीतरी बायका त्यापायी गोळी मधेच सोडतात आणि मला खरी भीती त्याचीच वाटते.

ऑन्कोलॉजिस्टना (कॅन्सरच्या डॉक्टरांना) विचारून मी ॲक्युपंक्चर सुरू केलं. पहिले ६ आठवडे आठवड्यातून दोनदा, मग ६ आठवडे एकदा. सुई केसासारखी बारीक असते, टोचलेली फारशी कळत नाही, मग आत जड जड वाटतं, मुंग्या येतात. चौथ्या आठवड्यापर्यंत काहीच फरक नव्हता, मग एका सकाळी चहाचं पातेलं एका हाताने उचललं आणि तिथेच रडले. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण गोळी चालू राहिली.

अमेरिकेत २२६ बायकांवर याचा अभ्यास झालाय, २०१८ मध्ये छापून आला. ६ आठवड्यांनी १० पैकी दुखणं खऱ्या सुयांनी साधारण २ ने उतरलं, नुसत्या नावापुरत्या टोचलेल्या सुयांनी साधारण १ ने. फरक छोटा वाटेल, पण ज्याचं दुखतं त्याला विचारा.

आता काळजीचं. प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी कमी असतील तर थांबा, रक्ताचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवूनच जा. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूच्या हातात सुई नको, त्या हाताला सूज असेल तर अजिबातच नको. सुया नव्या, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं. महाराष्ट्रात असाल तर ॲक्युपंक्चरचा २०१५ चा कायदा आहे, रजिस्ट्रेशन विचारायला लाजू नका. आणि कोणी म्हणालं की यानेच कॅन्सर बरा करतो तर तिथून सरळ उठून या.

आईला सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो ते आजपासून वहीत लिहायला लागा, महिन्याने फरक पडला की नाही ते त्यावरूनच कळेल.