रडणं कमी कर, हिशोब दाखव

प्रिय दोस्ता,

नंदुरबारातल्या धडगावकडचं फुटेज सगळं पाहिलं. ट्रकमध्ये चढणारी पोरं, बांधलेली गाठोडी, मागे राहिलेल्या आजीचे डोळे. फार सुंदर टिपलंयस, आणि माझी अडचण तीच आहे. बघणारा हळहळेल आणि जेवायला निघून जाईल. ही माणसं दरवर्षी ऊसतोडीला का जातात, हे त्याला कळणारच नाही.

म्हणून आजीचे डोळे कमी कर, हिशोब दाखव. घरातले दाणे संपत आले की मुकादम उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, देतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता असं धरतात आणि दिवाळीच्या सुमाराला ही जोडी गुजरातेत बारडोलीकडे निघते. टनाला दर काय? उचलीवर काही चढवतात का? बाई आजारी पडली तर खाडा कुणाच्या नावावर? शेवटी हातात काय उरतं? ही आकडेमोड एखादी बाई चुलीपुढे बसून बोटांवर करत असेल, तर कॅमेरा तिथेच राहू दे. मध्ये कापू नकोस, संगीत तर मुळीच नको. परराज्यात नेलेल्या मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं, त्यात मजुरीचा दर लिहायचा, हे ठेकेदारावर 1979 च्या कायद्याने बंधनकारक केलं होतं. पाड्यात तसं पासबुक कुणी कधी पाहिलंय का, एवढंच विचार. त्यासाठी तज्ज्ञाची मुलाखत लागत नाही.

सातपुड्याचे ड्रोनशॉट सगळेच काढतात, तेही आवर.

आणि कुणाला बिचारं करू नकोस. खाली शहाद्यात 1972 साली श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा जमिनीसाठी आणि मजुरीसाठी लढणारे याच भागातले आदिवासी होते. सत्तरी ओलांडलेलं कुणी भेटलं तर त्या दिवसांबद्दल विचार.

तुझी अहिराणी तिथे पुरायची नाही. लोक पावरी बोलतात, दुभाषा घ्यावाच लागेल. तो मुकादमाचा भाचा नाही ना, हे आधी बघ. (हसू नकोस, असं होतं.) मुकादमासमोर मिळालेला होकार धरायचा नाही. पुढच्या वर्षाची उचल त्याच्याकडूनच घ्यायची असते, मग नाही कोण म्हणेल? फिल्म पुण्या-मुंबईत दाखवून तू पुढच्या विषयाला लागशील. तोंड दाखवून बोललेला माणूस मात्र तिथेच राहणार आहे.

तेव्हा कच्ची जोडणी आधी पाड्यातच दाखव. कुणी म्हणालं, माझं एवढं काढ, तर काढायचं. तुझा सगळ्यात आवडता शॉट असला तरी.

होळीला बरेच जण घरी येतात. प्रोजेक्टर आणि पांढरी चादर मी पाठवतो, जनरेटरचं तू बघ. फक्त होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराचा दिवस धरू नकोस. त्या दिवशी तुझी फिल्म बघायला कुत्रंही यायचं नाही.

तुझा,
दादा