टर्मिनलमधे ईसीडब्ल्यू दिसतं, क्यूजीआयएसमधे का नाही?

प्रश्न : उबुंटू २४.०४ वर क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) ॲप्टने, म्हणजे उबुंटूच्या पॅकेजमधून टाकलंय. ऑफिसमधून हवाई फोटो ईसीडब्ल्यू फॉरमॅटमधे आलेत, ते उघडत नव्हते म्हणून ईसीडब्ल्यूचं एसडीके (तो फॉरमॅट वाचायला लागणारा कोड) उतरवून जीडीएएल ३.९, म्हणजे क्यूजीआयएस ज्या लायब्ररीने अशा फाइल उघडतं ती, स्वतः कंपाइल केलं. आता टर्मिनलमधे जीडीएएलइन्फो या कमांडच्या फॉरमॅट यादीत ईसीडब्ल्यू येतं पण क्यूजीआयएस अजून उघडत नाही. जुन्या लायब्ररीच्या नावाची लिंक नवीन फाइलकडे वळवली तर चालेल का?

उत्तर : नका वळवू, प्लीज. तुमच्या मशीनवर आता दोन जीडीएएल आहेत. टर्मिनलमधलं जीडीएएलइन्फो तुमचं, यूएसआर-लोकल फोल्डरमधलं, आणि क्यूजीआयएस मात्र ॲप्टचं ३.८.४ वापरतंय. कारण क्यूजीआयएस बांधताना त्यात लायब्ररीचं नाव नंबरासकट लिहिलं गेलं, ३.८ चा नंबर ३४ आणि ३.९ चा ३५, त्यामुळे ते ३४ च शोधणार, तुमची ३५ शेजारी असली तरी तिच्याकडे बघणारसुद्धा नाही. क्यूजीआयएसच्या फाइलवर एलडीडी (कुठल्या लायब्ररी वापरल्या जातात ते दाखवणारी कमांड) चालवा, लगेच दिसेल. आतली रचना बदलते म्हणून तर नंबर वाढवतात, मग जबरदस्तीने लिंक जोडली की कधी सुरूच होणार नाही, कधी काम करता करता मधेच बंद पडेल, आणि सेव्ह न केलेलं डिजिटायझिंग गेलं की फार वाईट वाटतं हो.

तुम्हाला अख्खं जीडीएएल नकोच आहे, फक्त ईसीडब्ल्यूचा ड्रायव्हर, म्हणजे तो फॉरमॅट वाचणारा भाग हवाय. एसडीके हेक्सागॉनचं, मुक्त लायसन्सचं नाही, म्हणून उबुंटूच्या पॅकेजमधे तो ड्रायव्हर नसतो. पण जीडीएएलमधे ड्रायव्हर वेगळा प्लगइन म्हणून बांधता येतो! सोर्स ३.८.४ चाच घ्या, बरोबर तोच, सीमेकला (बिल्डची मांडणी करणारा प्रोग्राम) ईसीडब्ल्यू प्लगइन चालू करायला सांगा, एसडीकेचा पत्ता द्या आणि इन्स्टॉल करूच नका. बिल्डमधे तयार झालेली ईसीडब्ल्यूची एसओ फाइल होम फोल्डरमधे एका जागी ठेवा, नाव बदलू नका, नावावरूनच ती ओळखली जाते. मग जीडीएएल_ड्रायव्हर_पाथ या व्हेरिएबलमधे त्या फोल्डरचा पत्ता एक्सपोर्ट करून त्याच टर्मिनलमधून क्यूजीआयएस सुरू करून बघा. चाललं की ती ओळ डॉट-प्रोफाइलमधे टाका.

त्याआधी यूएसआर-लोकलमधलं ३.९ काढून टाका. त्याच्या बिल्ड फोल्डरमधे इन्स्टॉल मॅनिफेस्ट नावाची टेक्स्ट फाइल असते, कुठे काय टाकलं ते सगळं तिच्यात असतं, त्याप्रमाणे डिलीट करून एलडीकॉन्फिग (लायब्ररींची यादी ताजी करणारी कमांड) चालवा. आणि सोबत प्रोज (नकाशाच्या कोऑर्डिनेट पद्धती सांभाळणारी लायब्ररी) पण स्वतः कंपाइल केलं असेल तर तेही काढा, नाहीतर एका प्रोजला दुसऱ्याचा डेटाबेस मिळतो, त्याची आवृत्ती जुळत नाही आणि साधा ईपीएसजी कोडसुद्धा (कोऑर्डिनेट पद्धतीचा नंबर) सापडेनासा होतो.

पुढे कधी उबुंटूजीआयएसच्या पीपीएतून (वेगळ्या पॅकेज भांडारातून) नवीन जीडीएएल आलं तर प्लगइन पुन्हा त्या आवृत्तीच्या सोर्समधून बांधावा लागेल, म्हणून सीमेकची ओळ कुठेतरी लिहून ठेवा.